तीन की चार

नियमपुस्तक आलं की काही दिवस वर्कशॉपमध्ये कुणी हत्याराला हात लावत नाही. फळ्यावर मैदानाचा नकाशा असतो, त्यावर खडूचे बाण, पुसलेले बाण, पुसून पुन्हा काढलेले बाण. चेंडू उचलायचा कसा, फेकायचा कुठून, किती उंच पोचायचं, यावर रात्री सरतात. मग एका संध्याकाळी कुणीतरी फळ्याच्या रिकाम्या कोपऱ्यात एक वर्तुळ काढतं, त्याच्या कडेवर चाकांच्या रेघा मारू लागतं आणि तिसऱ्या रेघेनंतर थांबतं. खडू हातातच असतो. "ताई, बेस तीनचा करायचा की चारचा?"

पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत रोबोकॉनच्या, म्हणजे विद्यार्थ्यांनी बांधलेल्या रोबोंच्या स्पर्धेच्या, मोसमात हा प्रश्न जवळजवळ दर वर्षी येतो. आम्ही शिकत होतो तेव्हा तो आमच्या सिनियर दादांना विचारायचो. आता मी कधी शनिवारी संध्याकाळी जुन्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसते, तर मुलं मला विचारतात. बाहेरच्या माणसाला तो किरकोळ वाटेल. यंत्राच्या हातावर, फेकण्याच्या तंत्रावर, कॅमेऱ्याने रिंग ओळखण्यावर एवढा खल चाललेला असताना खाली चाकांना मोटारी किती, यात बोलण्यासारखं काय? मला मात्र वाटतं, सबंध यंत्राचा स्वभाव इथेच ठरतो. वरचं सगळं नंतर खोलता येतं, बदलता येतं, अगदी स्पर्धेच्या आदल्या रात्रीही. बेस एकदा कापून, वेल्ड करून झाला की मोसमभर त्याच्याशीच संसार.

या स्पर्धेचं पुण्याशी नातं जुनं आहे. आशिया-पॅसिफिकमधल्या प्रसारण संस्थांनी २००२मध्ये टोकियोत पहिली आंतरराष्ट्रीय रोबोकॉन भरवली. भारतातून जाणारा संघ निवडायला दूरदर्शनची राष्ट्रीय फेरी असे, आणि ती कितीतरी वर्षं बालेवाडीला होई. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेल्या त्या संकुलात कबड्डीच्या जागी लाकडी मैदान अंथरलं जायचं आणि देशभरातली मुलं आपापल्या पेट्या उघडून बसायची. २००८मध्ये तर आंतरराष्ट्रीय फेरीच पुण्यात झाली. खेळ बेतला होता दहीहंडीवर, नावातच गोविंदा होता. २०१४मध्ये ती पुन्हा पुण्यात आली, तेव्हा विषय होता आईबाप आणि मूल: मोठं यंत्र छोट्या यंत्राला झोक्यावर, सीसॉवर घेऊन जातं. पुढे राष्ट्रीय फेरी दिल्लीला गेली, आणि २०२२मध्ये दिल्लीतल्या आंतरराष्ट्रीय फेरीत यंत्रं चक्क लगोरी खेळली. दर वर्षी खेळ नवा, मैदान नवं. बेसखालचा प्रश्न तोच.

ओम्नी चाक ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना ते आधी दाखवायला हवं. साध्या चाकाच्या परिघावर छोटे छोटे रोलर आडवे बसवले आहेत अशी कल्पना करा. मोटार चाक फिरवते तेव्हा ते इतर कुठल्याही चाकासारखं पुढे जातं. पण त्याच चाकाला बाजूने ढकललं तर रोलर फिरतात आणि चाक मुकाट्याने सरकतं. एका दिशेला जोर, काटकोनातल्या दिशेला मोकळीक. अशी तीन चाकं वर्तुळावर एकशेवीस-एकशेवीस अंशांनी बसवली, प्रत्येकाला आपली मोटार दिली, की यंत्र तोंड न फिरवता कुठेही जाऊ लागतं. पुढे, मागे, आडवं, तिरपं, चालता चालता स्वतःभोवती गिरकी घेत. पहिल्यांदा असा बेस हलतो तेव्हा वर्कशॉपमधले सगळे हातातलं काम टाकून येतात. वर काहीच चढवलेलं नसतं, नुसती ॲल्युमिनियमची चौकट, तारांचा गुंता, टेपने चिकटवलेली बॅटरी. ती चौकट फरशीवरून आडवी निघते, आणि जन्मभर गाड्या वळवताना पाहिलेल्या डोळ्यांना ते खरं वाटत नाही. कितीही वेळा पाहिलं तरी माझं मन तेवढ्यापुरतं हलकं होतं.

तीनच्या बेसचं गणित फार सुंदर आहे, आणि त्या सौंदर्याचा मला अजून मोह पडतो. सपाट जमिनीवर कुठल्याही वस्तूच्या हालचाली तीनच: पुढे-मागे, डावी-उजवी आणि स्वतःभोवती. तीन हालचाली, तीन मोटारी. तुम्हाला हव्या त्या वेगासाठी तीन चाकांनी किती फिरायचं याचं उत्तर एकच निघतं, दुसरं निघूच शकत नाही. एका चाकाच्या दिशेने तोंड करून सरळ पुढे निघालात तर ते पुढचं चाक थांबून राहतं, त्याचे नुसते रोलर जमिनीवरून घरंगळत जातात. मागची दोन चाकं तीस-तीस अंश तिरपी ढकलत असतात. तिघांपैकी दोघं काम करतात आणि तिसरं वाट देतं.

आणि तीन चाकं कधी डुगडुगत नाहीत. देवघरातली तिवई सारवलेल्या खडबडीत जमिनीवर ठेवा, गच्चीच्या उतारावर ठेवा, तिचे तिन्ही पाय टेकलेले असतात. चार पायांच्या चौरंगाखाली मात्र कागदाची घडी सारावी लागते. तीन बिंदूंतून एक प्रतल नेमकं जातं, चौथा बिंदू त्या प्रतलात असेलच असं नाही. स्पर्धेचं मैदान टीव्हीवर आरशासारखं दिसतं. प्रत्यक्षात ते प्लायवूडच्या पाट्या जोडून, वर रंग देऊन केलेलं असतं आणि जोडांवर मिलिमीटरभर पायरी राहतेच. चारच्या बेसचं एक चाक त्या पायरीशी उचललं जातं, हवेत मोकळं फिरतं, आणि त्या क्षणी यंत्र आपली रेघ सोडतं. चार-सहा मीटर पुढे गेल्यावर ते तळहाताएवढं बाजूला गेलेलं असतं. चाकाचे फेरे मोजणारा एनकोडर सांगतो सगळं ठीक आहे, कारण चाक तर फिरलं होतं. फिरलं, पण जमिनीवर नाही, हे एनकोडरला कुठून कळणार?

मग चार कुणी का निवडावे? कारणं आहेत, आणि ती हलकी नाहीत.

पहिलं कारण जोराचं. चार ओम्नी चाकं पंचेचाळीस अंशांवर बसवली की सरळ पुढे जाताना चारही जण ढकलतात, कुणी मोकळं राहत नाही. प्रत्येकाचा जोर तिरपा असतो, त्याचा साधारण सत्तर टक्के भाग पुढे लागतो. हिशेब मांडला तर सारख्याच वजनाच्या यंत्राला सारख्याच जमिनीवर चार चाकं तीनांपेक्षा सुमारे २२ टक्के जास्त ढकलू शकतात. वेगाचंही तसंच. चारचा बेस सरळ जाताना चाकाच्या कडेच्या वेगापेक्षा १.४१ पट वेगाने जातो, तीनचा १.१५ पट. यंत्र आपल्या चाकांपेक्षा वेगाने धावतं हे वाक्य पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगितलं की ती माझ्याकडे संशयाने बघतात. मग कागदावर बाण काढून दाखवावे लागतात. तिरपं धावणाऱ्या चाकांची बेरीज समोरच्या दिशेला अशी मोठी होऊन येते.

दुसरं कारण तोल. तीन चाकं ज्या वर्तुळावर बसलेली असतात, त्याच्या केंद्रापासून त्रिकोणाची सर्वांत जवळची कड अर्ध्या त्रिज्येवर असते. चौकोनाची कड त्रिज्येच्या ७० टक्क्यांवर. यंत्र उंच असेल, वर हात लांबवून काही उचलत असेल, तर वजनाचा मध्य बाहेर कलतो. तो त्या कडेच्या पलीकडे गेला की यंत्र पडतं. गोविंदाच्या खेळात, जिथे उंच हंडीशी हात न्यायचा होता, तिथे ही अर्धी आणि सत्तर टक्के त्रिज्या म्हणजे उभं राहणं आणि कोसळणं यांतलं अंतर. बालेवाडीला मी उंच यंत्रं पडताना पाहिली आहेत. प्रेक्षकांतून एकदम ओरड होते, आणि मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या मुलांच्या तोंडून आवाजच फुटत नाही.

चारची अडचण फक्त डुगडुगण्याची असती तर स्प्रिंग लावून भागलं असतं, आणि तशा स्प्रिंगा लावतातही. खरी अडचण आत आहे. हालचाली तीन आणि मोटारी चार, म्हणजे एक मोटार गणितात जास्तीची. चारही चाकांचे वेग एकमेकांशी जुळले तरच यंत्र ओढाताण न होता चालतं. एक चाक थोडं झिजलेलं, एका मोटारीचा गिअरबॉक्स थोडा घट्ट, की चौघं एकमेकांविरुद्ध ओढू लागतात. बाहेरून काही दिसत नाही. यंत्र चालत असतं, सरळही जात असतं. मात्र बॅटरी लवकर उतरते, रोलरवर झिजेचे पट्टे उमटतात, आणि आवाज बदलतो. तीनचा नीट जुळलेला बेस एका सुरात गुणगुणतो. चारचा न जुळलेला बेस दोन जवळजवळच्या सुरांत घरघरतो, मध्ये मध्ये आवाज चढतो-उतरतो. आमच्या वर्कशॉपमध्ये वायरिंग बघणारी एक मुलगी होती, ती डोळे मिटून ऐकून सांगायची, मागची डावी मोटार भांडते आहे. मीटर लावला की तिचंच खरं निघायचं. तिच्यासारखा कान मला कधी आला नाही, पण मोटारी ऐकायच्या असतात हे मी तिच्याकडून शिकले.

इथवर चर्चा आली की मुलं विचारतात, मग जास्त दमाच्या मोटारी लावू, किंवा एकेका चाकाला दोन-दोन देऊ. जितक्या मोटारी तितका जोर, हा हिशेब मनात इतका खोल बसलेला असतो की तो हलवायला फळा पुन्हा पुसावा लागतो.

ढकलणारं शेवटी कोण आहे? मोटार चाक फिरवते, चाक जमिनीला मागे रेटतं, आणि जमीन यंत्राला पुढे ढकलते. यंत्राला पुढे नेते ती जमीन. आणि जमिनीची ढकलण्याची मर्यादा ठरलेली आहे: यंत्राचं वजन गुणिले घर्षणाचा गुणांक. पंचवीस किलोंचं यंत्र धरू. रंगवलेल्या प्लायवूडवर ओम्नीच्या रोलरचा गुणांक अर्धा धरू. सगळी चाकं सरळ असती तर जमिनीने दिला असता साडेबारा किलोंचा जोर. ओम्नीच्या तिरपेपणामुळे चारच्या बेसला त्यातले पावणेनऊच्या आसपास मिळतात, तीनच्या बेसला सव्वासात. सेकंदाला दोन मीटर वेग हवा असेल तर या जोराला पावणेदोनशे वॅटही पुरतात, तीनच्या बेसला दीडशेच्या आत. एवढे वॅट जमिनीपर्यंत पोचले की तिचं देणं संपलं. त्यापुढे तुम्ही चौपट मोटारी लावा, चाकं जागच्या जागी घसरतील आणि प्लायवूडवर काळे ओरखडे राहतील.

हे ऐकून होणारी निराशा मी खूप चेहऱ्यांवर पाहिली आहे. वीस वर्षांच्या मुलाला मर्यादा आवडत नाही, आणि ती पायाखालच्या प्लायवूडने घालावी हे तर मुळीच नाही. माझ्या मनात मात्र या समीकरणाबद्दल एक प्रकारचा आदर आहे. कुठल्याही संघाला, कितीही पैसे असलेल्या महाविद्यालयाला, ते सारखंच लागू होतं. जपानच्या संघालाही, कोकणातल्या नव्या महाविद्यालयाच्या संघालाही.

पण जमीन बदलली की प्रश्नही बदलतो. अमेरिकेत डीन केमन यांनी १९८९मध्ये फर्स्ट नावाची संस्था काढली आणि १९९२मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टरला शाळकरी मुलांची पहिली स्पर्धा भरवली. आता तीत जगभरातले संघ उतरतात, मुंबईच्या शाळांतली मुलंही गेलेली आहेत. तिथे मैदानावर गालिचा असतो, चाकांना खरबरीत पट्टे असतात, घर्षणाचा गुणांक एकाच्या वर जातो. यंत्रं पन्नास किलोंच्या पुढची, आणि एकमेकांना रेटायची मुभा. जमीन भरभरून देते म्हणून तिथे वाद चालायचा तो चार की सहा असा. सहा म्हणजे दोन्ही बाजूंच्या गिअरबॉक्सवर तीन-तीन. अनेक वर्षं त्या स्पर्धेची मोटार म्हणजे सिम: सव्वा किलोचा काळा दंडगोल, एक लाल तार, एक काळी. बारा व्होल्टवर तिची कमाल ताकद साडेतीनशे वॅटच्या जरा खाली. आणि ती अडवून धरली, फिरूच दिली नाही, तर १३१ अँपिअर ओढते.

सहा सिम अडल्या तर हिशेब ७८६ अँपिअरवर जातो. बॅटरी किती? शिशाची, बारा व्होल्टची, १८ अँपिअर-तासांची, स्कूटरला शोभेल एवढी एकच. तिच्यापुढचा मुख्य ब्रेकर १२० अँपिअरचा, जो थोडा वेळ जास्त सोसतो पण कायम नाही. दोन यंत्रं मैदानाच्या मध्यावर एकमेकांना भिडतात, कुणीच हलत नाही, चाकं पकड सोडत नाहीत, मोटारी अडतात, करंट वाढतो, आणि बॅटरीचं व्होल्टेज बारावरून नऊ, आठ, सात असं उतरत जातं. साडेसहाच्या आसपास आलं की यंत्राचा मेंदू स्वतःला वाचवण्यासाठी मोटारी बंद करतो. जास्त जोरासाठी लावलेल्या जास्त मोटारींनीच यंत्राला क्षणभर निष्प्राण केलेलं असतं. बालेवाडीच्या प्लायवूडवर जमीन हात आखडते, तिथल्या गालिच्यावर बॅटरी. मोटार बिचारी मध्ये उभी.

तरीही सहाच्या बाजूने एक खरं, भक्कम कारण आहे, आणि ते मला या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं. मोटारीत जळून जाणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेवढंच काम चारांऐवजी सहा जणांत वाटलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला दोनतृतीयांश करंट येतो, आणि प्रत्येकाची उष्णता निम्म्याहूनही कमी होते, ४४ टक्क्यांवर येते. सगळ्यांची मिळून उष्णता एकतृतीयांशाने घटते. म्हणजे जास्त मोटारी यंत्राला जास्त बळ देतात हे अर्धंच खरं. तेच काम त्या कमी शिणून करतात. शेवटच्या सामन्यात, दिवसभराच्या दगदगीनंतर, ज्याच्या मोटारी हाताला नुसत्या कोमट लागतात तो संघ आणि ज्याच्या मोटारींवर बोट टेकवत नाही तो संघ, यांत फरक याच वर्गाचा असतो. वाइंडिंगवरचं इनॅमल जळल्याचा वास एकदा ज्याला आला तो विसरत नाही. गोडसर, करपट, घशाशी बसणारा वास. तो आला म्हणजे मोटार गेली, आणि तिच्याबरोबर बहुतेक वेळा सामनाही.

म्हणून मोटारी वाढवायच्याच तर जोरासाठी वाढवू नका, विसाव्यासाठी वाढवा, असं मी सांगते. आणि वाढवल्यावर गिअर रेशो पुन्हा मांडा. रेशो तोच ठेवला तर नव्या मोटारी जुन्या अडचणीत फक्त भर घालतात.

वजनाचंही सांगायला हवं. रोबोकॉनमध्ये बहुतेक वर्षी दोन्ही यंत्रं मिळून पन्नास किलोंच्या आत बसवावी लागतात. चौथी मोटार नुसती मोटार येत नाही. तिच्यामागे चाक येतं, ब्रॅकेट येतं, मोटार ड्रायव्हर येतो, जाड तारा येतात, एनकोडर येतो, चौकटीत आणखी एक आडवा सेक्शन येतो. त्याची किंमत वरच्या हाताला मोजावी लागते. फेकणारा हात हलका करायचा, म्हणजे त्याची भोकं मोठी करायची, म्हणजे तो लवचिक होतो, म्हणजे नेम चुकतो. खाली वाढलेल्या एका मोटारीने वर चेंडूचा नेम चुकलेला मी पाहिला आहे, आणि त्या संघातल्या कुणालाही शेवटपर्यंत या दोन गोष्टींचा संबंध लागला नव्हता.

पैशाचं फार बोलत नाही, ते सगळ्यांना कळतं. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत फिरताना, मुंबईला लॅमिंग्टन रोडवर, आता पडद्यावरच्या दुकानांत, तीनचा संघ चार मोटारी घेतो आणि चौथी डब्यात ठेवतो. चारचा संघ चारच घेऊ शकला तर डबा रिकामा राहतो. उरलेली ती एक मोटार मला फार मोलाची वाटते.

या खेळाची मुळं जिथे आहेत तिथे तर प्रश्न याहून कितीतरी कडक होता. टोकियो तंत्रज्ञान संस्थेतले मासाहिरो मोरी विद्यार्थ्यांना एक काम द्यायचे: दोन ड्राय सेल घ्या, टॉर्चमध्ये घालतात ते मोठे, आणि त्यांच्या ऊर्जेवर माणूस बसवून गाडी चालवून दाखवा. १९८८मध्ये जपानच्या एनएचकेने तंत्रमहाविद्यालयांसाठी स्पर्धा सुरू केली तीही ड्राय सेलवरच्या गाड्यांच्या शर्यतीने. हेच ते मोरी, ज्यांनी १९७०मध्ये माणसासारख्या दिसणाऱ्या यंत्रांची आपल्याला भीती का वाटते यावर लिहिलं. दोन सेलवर माणूस हलवायचा तर मोटारी किती हा प्रश्नच उरत नाही. एक, आणि तीही जपून. चाकांचं घर्षण, बेअरिंगचं तेल, बसणाऱ्याचं वजन, सुरुवातीचा धक्का, प्रत्येक ठिकाणी गळणारी ऊर्जा शोधत बसायचं. सगळ्या रोबोकॉनचा उगम या टंचाईत आहे, हे आठवलं की मला बरं वाटतं. चोवीस व्होल्टच्या लिपो बॅटऱ्या हाताशी असलेली आजची मुलं श्रीमंत आहेत. पण त्या दोन सेलच्या हिशेबाने एकदा आपला बेस तपासला तर त्यांना त्यात किती उधळपट्टी आहे ते दिसेल.

काही वर्षं खेळच असा येतो की उत्तर समोर ठेवूनच येतो. २०१५मध्ये इंडोनेशियात यंत्रांनी बॅडमिंटन दुहेरी खेळलं. शटल कुठे पडेल ते ठरण्याआधी निघावं लागतं, थांबावं लागतं, परत यावं लागतं. तिथे सरळ वेगापेक्षा वेग घेण्याची तडफ मोलाची, आणि तडफ म्हणजे पुन्हा जमिनीची पकड. ज्यांनी यंत्र हलकं आणि बुटकं ठेवलं त्यांना तीन पुरले असते, ज्यांनी रॅकेटचे दोन-दोन हात चढवले त्यांना चारांचा चौकोन हवा. २०१९ला मंगोलियाच्या फेरीत, घोड्यांच्या जुन्या टपालावर बेतलेल्या खेळात, दुसऱ्या यंत्राला चाकंच नव्हती, चार पाय सक्तीचे होते. त्या वर्षी आमच्या फळ्यावर वर्तुळ कुणी काढलं नाही. एकेका पायाला मोटारी किती, यावर हिवाळा गेला. प्रश्न चाकांवरून पायांवर गेला, पण त्याचं मूळ तेच होतं: जितक्या हालचाली लागतात तितक्याच मोटारी, की हाताशी असाव्यात म्हणून आणखी?

हाताशी असाव्यात म्हणून. हे कारण मला पटत नाही, आणि मी ते मुलांना स्पष्ट सांगते. चार निवडणाऱ्या दहा संघांपैकी बरेच जण चार निवडतात ते भीतीने. एक गेली तर तीन राहतील, अशी समजूत. पण चारच्या बेसवरची एक मोटार मेली की उरलेल्या तिघांनी सरळ चालावं असा प्रोग्राम आधी लिहिलेला असावा लागतो, आणि तो बहुतेकांनी लिहिलेला नसतो. चौथी मोटार तेव्हाच आधार असते जेव्हा तिच्याशिवाय चालायचा सराव केलेला असतो. तेवढा सराव करणार असाल तर चार घ्या, मी अडवणार नाही.

माझं मत विचाराल तर असं. मैदान प्लायवूडचं, यंत्र बुटकं, टक्कर नाही, तर तीन. उंच हात असेल, ओझं बाजूला झुकत असेल, किंवा चढ असेल तर चार, स्प्रिंगसह, आणि चारही चाकांचे वेग रोज जुळवायची तयारी असेल तरच. सहाचा विचार गालिच्यावर उतरणाऱ्यांनी करावा, आणि तोही बॅटरीचा हिशेब हातात घेऊन.

यंदा संघात असाल तर मोटारी मागवण्याआधी एक काम करा. चौकटीवर यंत्राच्या अंदाजे वजनाइतकी पोती ठेवा, चाकं बांधून फिरू देऊ नका, रोलरही दोऱ्याने आवळून टाका. रंगवलेल्या प्लायवूडवर ती चौकट स्प्रिंगच्या काट्याने ओढा आणि सरकायला लागते तेव्हाचा आकडा वहीत लिहा. किलोंच्या त्या आकड्याला ९.८ने आणि सेकंदाला किती मीटर वेग हवा त्याने गुणा, मग चारच्या बेससाठी त्याचे सत्तर टक्के, तीनच्या बेससाठी अठ्ठावन्न टक्के धरा. तुमच्या जमिनीला किती वॅट हवे आहेत ते कळेल, आणि मग तीन की चार हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल. काटा बोहरी आळीत मिळतो. पन्नास किलोंपर्यंतचा पुरतो.